मदत हवी आहे: पुराच्या ओलीने भिंतीत बुरशी, सासूबाईंचा खोकला (जुने नाशिक)

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचं घर भांडी बाजाराच्या मागच्या बाजूला, तळमजला, भाड्याचं. जुना वाडा, विटा-मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया. वरून मालकांनी कधीतरी सिमेंटचा गिलावा करून ऑइल पेंट मारलेला. गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि दुतोंड्या मारुतीच्या (गोदावरीच्या पात्रातली मूर्ती, पुराची खूण) छातीला लागलं की आमच्याकडे सामान माळ्यावर चढायला लागतं, हे इथल्यांना सांगायला नको. गेल्या पावसाळ्यात पाणी उंबरा ओलांडून आत आलं. गाळ उपसला, फिनेल मारलं, पण भिंती काही वाळल्या नाहीत. कपाट पुढे ओढलं तर मागच्या प्लायवर काळे-हिरवे ठिपके, बोट लावलं की भुकटी.

मालकांनी रंगारी पाठवला. त्याने पत्र्याने कोरडंच खरवडलं, खोलीभर धुरळा केला, वर प्रायमर आणि पांढरा रंग. दिसायला छान. पण सकाळी दार उघडलं की तोच कुबट वास.

सासूबाई सत्तरीच्या आहेत, शुगर आहे. रात्री कोरडा खोकला, जिना चढताना धाप. एक्स-रे चांगला आला. नणंदेकडे सिन्नरला गेल्या की खोकला थांबतो, परत आल्या की दोन-तीन दिवसांत सुरू. डॉक्टर म्हणाले वयोमान, धुळीची ॲलर्जी. आम्ही हवेची तपासणीही करून घेतली (प्लेट उघडी ठेवून बुरशी वाढते का बघतात ती). रिपोर्टमध्ये घरात आणि बाहेर सारखंच. झालं, मालकांना तेवढंच हवं होतं.

माझी शंका अशी: बुरशीच्या बीजाणूंपेक्षाही (म्हणजे तिच्या सूक्ष्म बियांपेक्षाही) बारीक तुकडे हवेत असतात, असं वाचलं. ते अशा तपासणीत सापडतात का? रंगाखालून येऊ शकतात का? आणि शेजारच्या काकू सारखं विचारतात की ही करोनातली ती काळी बुरशी तर नाही ना, त्याने आई फार घाबरल्यात. छातीच्या डॉक्टरांकडे जाताना काय विचारायचं, तेही सांगा.

खोकलाबहाद्दर

ताई, आधी काकूंचं. करोनातला म्युकरमायकोसिस वेगळा. २०२१ मध्ये तो मुख्यतः बेफाम वाढलेली साखर आणि स्टेरॉइडचा मारा झालेल्यांना झाला. भिंतीवरचा काळा डाग म्हणजे तो नव्हे. साखर मात्र आटोक्यात ठेवा, ते कुठल्याही संसर्गासाठी बरंच.

तुमची शंका रास्त आहे. मी स्वतः रुग्ण, पण प्रयोगशाळेत नोकरी, म्हणून एवढं सांगू शकतो. बीजाणू साधारण २ ते १० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, केस ७० च्या आसपास धरा). बुरशी वाळली, तिच्यावर पंख्याचा वारा लागला किंवा कोणी खरवडली की तंतूंचे आणि बीजाणूंच्या सालींचे एका मायक्रॉनहून लहान तुकडे सुटतात. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत त्यांची संख्या बीजाणूंच्या ३०० पटींपर्यंत गेलेली आहे, आणि बीजाणू कमी म्हणून तुकडे कमी, असा हिशेब लागत नाही. प्लेटवर फक्त जिवंत बीज उगवतं. तुकडा उगवत नाही, म्हणून प्लेटला तो दिसतच नाही. त्याच्यावरची ॲलर्जी आणणारी प्रथिनं आणि बीटा-ग्लुकान (बुरशीच्या पेशीभित्तिकेतला घटक) मात्र शाबूत असतात. इतका बारीक कण थेट फुफ्फुसाच्या खोल पिशव्यांपर्यंत जातो. मेलेली बुरशीही त्रास देते ती यामुळे. औषध फवारून ‘मारली’ म्हणजे काम झालं, असं नाही.

तेव्हा तो रिपोर्ट मालकांनी फ्रेम करून लावला तरी त्याने काही सिद्ध होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल आणि बुरशीवर मार्गदर्शिका काढली, तिच्यातही ‘इतके बीजाणू चालतील’ असा आकडा नाही. ओल आणि बुरशी असेल तर ती काढा, एवढंच म्हटलंय.

छातीठोक

मी डॉक्टर आहे, तपासल्याशिवाय निदान करणार नाही. पण घर सोडलं की बरं, परतलं की पुन्हा, ही गोष्ट डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. स्पायरोमेट्री (फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजायची चाचणी) करा म्हणावं. दमा आणि ॲस्परजिलसची (एक नेहमीची बुरशी) ॲलर्जी बघायला आयजीई ही रक्ताची चाचणी. धाप वाढत असेल तर हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचा (श्वासातून गेलेल्या बुरशीसारख्या कणांच्या ॲलर्जीने फुफ्फुसाला येणारी सूज) विचार व्हायला हवा. त्यात साधा एक्स-रे चांगला येऊ शकतो, एचआरसीटी (फुफ्फुसाचा बारकाईचा सीटी स्कॅन) लागतो. हा आजार आपल्याकडे दुर्मीळ नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या नोंदणीत फुफ्फुसाच्या जाळीचे (हवेच्या पिशव्यांमधल्या ऊतीचे) विकार असलेल्या १०८४ रुग्णांपैकी ४७ टक्क्यांना तोच निघाला, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांचा संबंध एअर कूलरशी होता. घरात कूलर असेल तर त्याचा वाळाही बघा.

विसराळूपणा, थकवा, सगळंच बुरशीमुळे असं सांगून ‘डिटॉक्स’ची पाकिटं आणि लघवीच्या महागड्या चाचण्या विकणारे इंटरनेटवर बरेच आहेत. ओलसर घराचा संबंध खोकला, घरघर, चोंदलेलं नाक आणि दम्याशी पक्का आहे. बाकीचा तितका नाही. पैसे भिंतीवर खर्चा.

वाड्याचीमाती

जुन्या वाड्यांचीच कामं करतो. तुमचं मूळ दुखणं सिमेंट आणि ऑइल पेंट. माती-चुन्याची भिंत श्वास घेते, वरून सिमेंटचं कातडं चढवलं की जमिनीतली ओल आत कोंडते आणि वर चढते. रंग कितीही भारी मारा, पुढच्या श्रावणात पोपडे.

प्लायचं कपाट टाका, ते धुऊन निघत नाही. गिलावा ओलीच्या रेषेच्या वर फूट-दोन फुटांपर्यंत काढायला लागेल. आईंना त्या दिवसांत सिन्नरलाच ठेवा. काढण्याआधी भिंतीवर पाणी फवारायचं, धूळ उडता कामा नये, एन ९५ मास्क, पंखा बंद, दाराला प्लॅस्टिक. झाडू अजिबात नको, ओल्या फडक्याने पुसा. मग भिंत उघडीच राहू द्या. पावसाळ्यात खिडक्या उघडून काही वाळत नाही, बाहेरचीच हवा ओली असते. ऑक्टोबरचं ऊन लागल्यावर खरी वाळते. पुन्हा गिलावा चुन्याचा. खर्च मालकाचा, हे मी कोणत्याही मालकाला तोंडावर सांगेन.

गोदाकाठची

खूप आभार. कूलर आहेच, वाळा आज काढला, काळा पडलाय. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मागवलं, खोलीत ७८ दाखवतंय. छातीच्या डॉक्टरांची वेळ सोमवारची मिळाली. मालक अजून ‘बघू’वर आहेत. एक राहिलं: गोधड्या आणि आईंच्या पोथ्यांचं काय करू?

वाड्याचीमाती

आकडा ६० च्या खाली आणा, ५० पर्यंत आला तर उत्तम. गोधड्या गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा. वास राहिला तर ठेवू नका. पोथ्या घरात झटकायच्या नाहीत. मास्क लावून गच्चीवर न्या, आधी पूर्ण वाळू द्या, मग मऊ ब्रशने बाहेरच्या बाहेर पुसा आणि पत्र्याच्या पेटीत ठेवा. त्या कपाटाच्या जागी पुन्हा प्लाय नको, लोखंडी रॅक घ्या, भिंतीपासून वीतभर सोडून.