वेलनेस पॉइंटचं टार्गेट मध्येच बदललं: सरासरीऐवजी 'सक्रिय दिवस', आता हिशेब कसा बसवायचा?

चिंचोळी_शिफ्ट

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा. आरोग्य विम्याच्या वेलनेस पॉइंटची (चालणं-व्यायाम केल्याबद्दल मिळणारे, हप्त्यात सूट देणारे गुण) नीट माहिती असलेल्यांनी कृपया सांगावं. आमची फॅमिली फ्लोटर (घरच्यांना मिळून एकच पॉलिसी) आहे, मी ३९ आणि बायको ३५. वडील ६२, त्यांची वेगळी पॉलिसी त्याच कंपनीची. दोन्हींचं रिन्यूअल ऑगस्टमध्ये.

आधीचा नियम असा होता की वर्षभराची रोजची सरासरी ८,००० पावलं भरली की पुढच्या हप्त्यात १५ टक्के सूट. १ एप्रिलपासून ॲपमध्ये वेगळंच दिसतंय. ज्या दिवशी १०,००० पावलं होतील, किंवा ठरावीक हार्ट रेटवर सलग ३० मिनिटं व्यायाम होईल, तोच दिवस 'सक्रिय' धरणार. महिन्यात असे १५ दिवस भरले तरच त्या महिन्याचे पॉइंट. कमी पडलेला महिना नंतर भरून काढता येत नाही.

प्रश्न चार आहेत. वर्ष चालू असताना कंपनी असं बदलू शकते का? मनगटावरच्या बँडमध्ये १०,४०० आणि विम्याच्या ॲपमध्ये ६,८०० असा फरक का येतो? वडिलांना बीपीची गोळी आहे, कितीही चाललं तरी पल्स ९० च्या वर जात नाही, त्यांनी काय करायचं? आणि एप्रिल-मेच्या उन्हात १५ दिवस भरायचे कसे? माझी ड्यूटी लूमवर (यंत्रमागावर), रोज साधारण ६,००० पावलं तिथेच होतात. सुट्टी धरून आठवड्यातले दोन दिवस मी १४,००० चालतो.

विमा_सल्लागार_नवी_पेठ

दादा, आधी ॲप बाजूला ठेवा आणि ईमेलवर आलेली पॉलिसीची पूर्ण पीडीएफ उघडा. त्यात 'वेलनेस' किंवा 'हेल्थ रिवॉर्ड' नावाचं कलम शोधा. सवलतीची टक्केवारी, टप्पे आणि मोजायची पद्धत त्या कलमात आकड्यांसकट छापलेली असेल तर तो तुमच्या कराराचा भाग आहे. तो पॉलिसी वर्षाच्या मध्ये एकतर्फी बदलता येत नाही. फार तर रिन्यूअलपासून नवीन नियम लागू करता येईल, तोही कळवून. पण कलमात नुसतं 'ॲपमध्ये वेळोवेळी जाहीर होणाऱ्या निकषांनुसार' असं लिहिलं असेल, तर कंपनीने मोकळीक राखून ठेवली आहे. मग भांडणापेक्षा हिशेब बसवण्यात वेळ घाला.

विमा नियामकाने सप्टेंबर २०२० मध्ये वेलनेसबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. हप्त्यातली सूट किंवा विमा रकमेतली वाढ रिन्यूअलच्या वेळी द्यायची आणि ती मागच्या पॉलिसी काळातल्या वागण्यावर ठरवायची, असं त्यात म्हटलं होतं. म्हणून ऑगस्ट ते मार्च या आठ महिन्यांची तुमची सरासरी वाया जाऊ द्यायची नाही. आजच्या आज ॲपमधल्या प्रत्येक महिन्याच्या पानाचा स्क्रीनशॉट काढा. तारीख आणि पॉलिसी नंबर दिसला पाहिजे. नवीन डॅशबोर्ड आला की जुने आकडे ॲपमधून गायब होतात, हे नेहमीचं आहे.

मग कस्टमर केअरला फोन न करता ईमेल करा. तीनच गोष्टी विचारा: जुन्या निकषाने ३१ मार्चपर्यंत माझ्या खात्यात किती जमा झालं, नवीन निकष कोणत्या कलमाखाली लावला, आणि माझ्या पॉलिसीची मोजणी कोणत्या तारखेला बंद होणार. तिसरा प्रश्न विसरू नका. रिन्यूअलची नोटीस आधी निघते, त्यामुळे मोजणीची शेवटची तारीख रिन्यूअलच्या तारखेच्या आधीची असू शकते. लोक शेवटच्या महिन्यात जोर लावतात आणि तो महिना हिशेबातच नसतो.

दोन आठवड्यांत धड उत्तर आलं नाही तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. सोबत विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवा, नाहीतर १५५२५५ वर फोन करा. लेखी तक्रारीला महिनाभर उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल (ग्राहक आणि कंपनीतले वाद सोडवणारा अधिकारी). सोलापूर पुण्याच्या लोकपाल कार्यालयाखाली येतं. अर्जाला फी नाही, आणि पॉलिसीनुसार भरायच्या हप्त्याचा वाद त्यांच्या कक्षेत येतो. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं.

आता तुमच्या पावलांचा हिशेब. आठवड्याला ५ दिवस ६,००० म्हणजे ३०,०००. दोन दिवस १४,००० म्हणजे २८,०००. एकूण ५८,०००, सरासरी ८,२८६. जुन्या नियमात पास. नवीन नियमात आठवड्याचे दोनच दिवस धरले जातात, म्हणजे महिन्याला ८ किंवा ९. नापास. पण तीच ५८,००० पावलं वेगळी वाटा. चार दिवस १०,३०० केले की ४१,२०० झाली. उरलेली १६,८०० तीन दिवसांत ५,६०० प्रमाणे. महिन्याला १७ दिवस भरले, एक पाऊलही जास्त नाही. वरची ३०० मुद्दाम ठेवली आहेत, ९,९४० वर दिवस गेला तर फार जीवाला लागतं.

फ्लोटरबद्दल एक राहिलं. दोघांचे दिवस वेगवेगळे धरतात, दोघांची सरासरी काढतात की कमी असलेल्याचा आकडा घेतात, हे कंपनीगणिक बदलतं. त्याच ईमेलमध्ये तेही विचारून घ्या, नाहीतर तुम्ही पळाल आणि वहिनींच्या फोनची परवानगी बंद असल्यामुळे सूट जाईल.

बँड_घड्याळ_दुरुस्ती

१०,४०० आणि ६,८०० चं कोडं सोडवू. पावलांचा आकडा चार ठिकाणांहून जातो: बँड, बँड कंपनीचं ॲप, हेल्थ कनेक्ट (अँड्रॉइड फोनमधल्या आरोग्याच्या ॲप्सना एकमेकांशी जोडणारी सोय) आणि मग विम्याचं ॲप. कुठल्याही सांध्यात गळती होऊ शकते. पूर्वी मधली जागा गुगल फिटची होती. इतर ॲप्स ज्यातून त्याची माहिती घेतात ते दार गुगल बंद करतंय, २०२४ च्या मे महिन्यापासून नवीन नोंदणीही थांबली. म्हणून विम्याची ॲप्स हेल्थ कनेक्टवर सरकली. तुमचा फोन अजून गुगल फिटलाच जोडलेला असेल तर ॲपला फक्त फोनची पावलं मिळत असतील. लूमवर फोन लॉकरमध्ये राहिला की ड्यूटीतली पावलं गेली.

अँड्रॉइड १४ किंवा पुढचं असेल तर हेल्थ कनेक्ट सेटिंगमध्येच आहे, वरच्या शोधपट्टीत नाव टाका. त्याआधीच्या फोनवर प्ले स्टोअरमधून घ्यावं लागतं. उघडल्यावर ॲप परवानग्यांमध्ये जा. बँडच्या ॲपला पावलं आणि हार्ट रेट 'लिहिण्याची' परवानगी हवी, विम्याच्या ॲपला तेच 'वाचण्याची'. बहुतेकांची गडबड इथेच असते: वाचायची दिलेली असते, लिहायची नाही. मग डेटा स्रोत आणि प्राधान्य या पानावर बँड सगळ्यात वर ओढा. तिथे फोन वर असेल तर बँडची पावलं असूनही फोनचा आकडा आधी धरला जातो.

अडलं म्हणून विम्याचं ॲप काढून पुन्हा टाकू नका! परवानगी नव्याने दिली की हेल्थ कनेक्ट साधारणपणे त्या दिवसाच्या मागचे ३० दिवसच वाचू देतं. त्याआधीचं जे कंपनीच्या सर्व्हरवर पोचलं नव्हतं ते मिळणार नाही.

शाओमी, रेडमीवर दोन्ही ॲप्सना ऑटोस्टार्ट चालू करा आणि बॅटरीत 'निर्बंध नाही' निवडा. सॅमसंगवर 'झोपलेली ॲप्स' यादीतून दोन्ही बाहेर काढा. आयफोन असेल तर प्रायव्हसीमधलं 'मोशन अँड फिटनेस' चालू आहे का बघा आणि हेल्थ ॲपमध्ये प्रोफाइलवरून ॲप्सच्या परवानग्या तपासा. रात्री झोपायच्या आधी बँडचं ॲप एकदा उघडून वरून खाली ओढायचं, मग विम्याचं. स्वस्त बँड आठवडाभराचाच तपशील साठवतात, दहा दिवस सिंक केलं नाही तर जुने दिवस पुसले जातात. आणि हाताने टाकलेली पावलं 'मॅन्युअल' म्हणून शिक्का मारूनच जातात, ती टाकण्यात अर्थ नाही.

लूमवाल्यांसाठी वेगळं सांगतो. बँड हाताच्या झोक्यावरून पाऊल ओळखतो, आणि बरेच बँड सलग दहाएक पावलं पडल्याशिवाय मोजायलाच सुरुवात करत नाहीत. एका मागावरून दुसऱ्यावर तीन-चार पावलं, थांबून धागा जोडायचा, पुन्हा चार पावलं: यातलं पुष्कळसं मोजणीत येतच नाही. बीमची (सूत गुंडाळलेल्या मोठ्या रुळाची) ट्रॉली ढकलताना हात स्थिर, तेही गेलं. फोन पँटच्या खिशात ठेवता आला तर मांडीच्या हालचालीवरून बरंच पकडतो, पण ट्रॉलीच्या फेऱ्यांपुरतंच. कारखान्यात फोनला मनाई असेल तर त्या पावलांवर भिस्त ठेवू नका, ती वर मिळाली तर मिळाली.

तपासणी सोपी आहे. सपाट रस्त्यावर तोंडाने मोजत सलग १०० पावलं चाला. बँड ९५ ते १०५ दाखवत असेल तर तो नीट आहे, दोष सिंकमध्ये. ८० दाखवत असेल तर पट्टा सैल आहे किंवा प्रोफाइलमध्ये उलटा हात निवडलाय.

फिजिओ_होटगी_रोड

वडिलांच्या गोळीचं नाव बघा. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल, बिसोप्रोलॉल, असं शेवटी 'लॉल' असेल तर ती बीटा ब्लॉकर आहे. तिचं कामच पल्स वाढू न देणं हे आहे. ॲमलोडिपिन किंवा टेल्मिसार्टन असेल तर पल्स अशी दबून राहत नाही, मग कारण वेगळं शोधावं लागेल. पॉइंटसाठी गोळी चुकवायची नाही, वेळही पुढे-मागे करायची नाही. बीटा ब्लॉकर अचानक थांबवला तर छातीत दुखण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं.

ठोक्यांची कमाल मर्यादा काढायला घड्याळं साधारण २२० मधून वय वजा करतात. ६२ वयाला १५८. मध्यम व्यायाम म्हणजे त्याच्या ६४ ते ७६ टक्के, म्हणजे १०१ ते १२०. गोळी चालू असताना ९० वर त्यांचा खरोखरच मध्यम व्यायाम होत असेल, घड्याळाला तो कळत नाही. ओळखायची खूण अशी: चालताना बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाही, तर वेग बरोबर. त्यांच्यासाठी हार्ट रेटचा मार्ग सोडून पावलांचा धरा. आणि डॉक्टरांचं एक पत्र घ्या, 'बीटा ब्लॉकर चालू आहे, हार्ट रेटवर आधारित निकष लागू होत नाही' एवढंच. कंपनीला ईमेलने पाठवून पर्यायी निकष मागा.

बँडच्या प्रोफाइलमध्ये जन्मसाल पण बघा. ते न भरता घड्याळाने ३० वय धरलं तर तोच आकडा १२२ पासून सुरू होतो, मग गोळी नसलेल्या माणसाचाही दिवस भरत नाही. तुमच्यासाठी: व्यायाम सुरू करताना 'वॉक' मोड लावा. नाहीतर बँड दर काही मिनिटांनी एकदाच ठोके बघतो आणि सलग ३० मिनिटं सिद्ध होत नाहीत. पट्टा मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, त्वचेला टेकलेला. कोपऱ्यावर कुणी भेटलं आणि पाच मिनिटं थांबलात तर सलगपणा तुटतो.

मिनिटाला १०० पावलं हा मध्यम वेग. म्हणजे ड्यूटीच्या ६,००० वरून १०,३०० ला जायला ४३ मिनिटं लागतात. पहाटे २५, जेवणानंतर १८. एकदम उचलू नका, आठवड्याला रोजची १,००० वाढवा. टाच किंवा नडगी दुखायला लागली तर एक आठवडा आहे तिथेच थांबा.

उन्हाचं म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये साडेपाच ते सात हीच वेळ. सिद्धेश्वर तलावाच्या कडेने किंवा विजापूर रोडला असाल तर कंबर तलावाला. आठनंतर पारा भराभर चढतो, दुपारी ४० च्या वर असताना बाहेर पडायचं नाही. वडिलांसाठी घरातच तिन्ही जेवणांनंतर १५-१५ मिनिटं, त्यात ४,५०० होतात, आणि जेवणानंतरची साखरही कमी चढते. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी असेल तर पहाटे उपाशीपोटी लांब चालू देऊ नका, साखर उतरते. खिशात चार बिस्किटं असू द्या.

चिंचोळी_शिफ्ट

तिघांचेही मनापासून आभार. हेल्थ कनेक्टमध्ये बघितलं, बँडच्या ॲपला लिहायची परवानगी बंदच होती. वडिलांची गोळी मेटोप्रोलॉल आहे. अजून एक: उन्हामुळे जिममधल्या ट्रेडमिलवर चाललं तर चालेल ना? आणि ते मोबाईल हलवणारं यंत्र मिळतं ऑनलाइन, दोन जणांनी सुचवलं.

विमा_सल्लागार_नवी_पेठ

ते यंत्र घेऊ नका दादा. तासन् तास एकाच तालात पावलं आणि हार्ट रेट मात्र बसल्याजागचा, असा डेटा सहज वेगळा काढता येतो. पॉइंट तर रद्द होतीलच. पण खोटी माहिती देऊन सूट घेतल्याची नोंद तुमच्या नावावर राहिली, तर उद्या क्लेमच्या वेळी तुमच्या प्रत्येक कागदाकडे संशयाने बघतील. ४,२०० रुपयांसाठी, म्हणजे समजा २८,००० हप्त्याच्या १५ टक्क्यांसाठी, पाच-दहा लाखांचं कवच अडचणीत आणायचं नाही. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर पॉलिसीवर जीएसटी नाही, तेव्हा सूट थेट हप्त्यावरच बघा.

बँड_घड्याळ_दुरुस्ती

ट्रेडमिल चालेल, पण दांडा धरून चालू नका. हात स्थिर राहिला की बँड मोजत नाही, मशीनवर ३ किलोमीटर आणि बँडवर ९०० पावलं असं होतं. तोल जातो म्हणून वडिलांना दांडा धरावाच लागत असेल तर त्यांचा बँड घोट्याला बांधा आणि आधी १०० पावलांची तीच तपासणी करा. काही बँड घोट्यावर दुप्पट मोजतात, काही निम्मी. आकडा जुळला नाही तर फोन पँटच्या खिशात ठेवा आणि त्यांच्या हेल्थ कनेक्टमध्ये फोनला प्राधान्य द्या.