जुन्या सिनेमात चेहरे रुंद, नव्यात संवाद गायब: हॉलमध्ये काय बदलावं?

सेलूकर
वाचनालयाच्या हॉलमध्ये शनिवारी एक जुना, एक नवा असे सिनेमे दाखवायचे आहेत. मला प्रभातचे सिनेमे जितके जिव्हाळ्याचे, तितकाच ‘कोर्ट’ही. पण चाचणीत ‘संत तुकाराम’मधली माणसं बुटकी, रुंद दिसली. ‘सैराट’ची गाणी कानठळ्या बसवतात आणि बोलणं पुटपुटल्यासारखं येतं. पडदा 8 बाय 4.5 फूट, दिव्याचा प्रोजेक्टर, लॅपटॉप, दोन स्पीकर, वर पत्रे. जोड्या कशा लावाव्यात तेही सुचवा.

पडदा_लातूर
तुमचा पडदा 16:9 मापाचा आहे. 1936 चा सिनेमा जवळपास 4:3 चा. म्हणजे चित्र 6 फूटच रुंद यायला हवं, दोन्ही बाजूंना फूट-फूट मोकळं. तेच 8 फुटांत ताणलं की प्रत्येक चेहरा एक तृतीयांशाने फुगतो. झूम करून पडदा भरू नका, उंचीचा चौथा हिस्सा कापला जातो आणि डोकी जातात.

प्रोजेक्टरच्या मेनूत आस्पेक्ट ‘ऑटो’ ठेवा. तरी रुंद दिसलं तर फाइलच ताणलेली आहे. लॅपटॉपवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘ए’ दाबत 4:3 वर या. समोरून दिसणारी एखादी गोल वस्तू आली की चित्र थांबवा आणि पडद्यावर टेप लावून आडवं-उभं मोजा. दोन्ही सारखं भरलं की झालं.

मोकळ्या पट्ट्यांवर काळं कापड लावाच. प्रोजेक्टरचं काळं प्रत्यक्षात राखाडी असतं, त्याच्या शेजारी कृष्णधवल चित्र फिकट पडतं. कापड लावलं की सावल्या लगेच गडद वाटतात. हा खर्च सगळ्यात कमी आणि फरक सगळ्यात जास्त. नव्या 2.39 मापाच्या (उंचीच्या 2.39 पट रुंद) सिनेमाला उलट करा: वर-खाली साधारण 7-7 इंच झाका.

कीस्टोन (तिरपं पडलेलं चित्र चौकोनी करणारी सेटिंग) शून्यावर ठेवा आणि प्रोजेक्टरच पडद्यासमोर सरळ मांडा. कीस्टोनने चित्र तिरपं दाबलं जातं, अक्षरांच्या कडा भुरकट होतात.

आवाज_नांदेड
संवाद बुडण्याचं कारण बहुतेक 5.1 ट्रॅक, म्हणजे सहा चॅनेलचा आवाज. त्यात बोलणं मधल्या चॅनेलवर असतं, दोन स्पीकरवर उतरवताना ते दबतं. स्टिरिओ (दोन चॅनेलचा) ट्रॅक असेल तर तोच निवडा. नसेल तर व्हीएलसीच्या ऑडिओ इफेक्टमधला कंप्रेसर (मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणारा) चालू करा, इक्वलायझरमध्ये बास उतरवा, शब्द स्पष्ट करणारा 2 ते 4 किलोहर्ट्झचा पट्टा 3 डेसिबलने वाढवा. ‘सैराट’मधली करमाळ्याकडची बोली शेजारच्या परांड्याच्या माणसाला घरची वाटते, पण शब्द कानावर पडले तरच ना!

जुना आवाज मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचा असतो. त्याला सराउंड इफेक्ट लावू नका. 8 किलोहर्ट्झच्या वर बहुतेक खरखरच असते, ट्रेबल थोडा उतरवा. स्पीकर कोपऱ्यांत न ठेवता पडद्याला लागून, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा. पत्र्यांमुळे आवाज घुमतो, म्हणून मागच्या भिंतीवर सतरंज्या टांगा, खालीही अंथरा.

सेलूकर
कापडाचं आजच बघतो. मध्येच लाइट गेली तर?

आवाज_नांदेड
दिव्याला तेच घातक. लाइट गेली की आतला पंखाही थांबतो आणि तापलेला दिवा तसाच राहतो. 1 केव्हीएचा यूपीएस फक्त प्रोजेक्टरला द्या. लाइट गेली की लगेच रीतसर बंद करा, पंखा थांबेपर्यंत यूपीएस चालू ठेवा. उन्हाळ्यात धुळीने प्रोजेक्टरची हवेची जाळी भरते, दर आठवड्याला साफ करा.

रसिक_अंबाजोगाई
जोडी विषयावरून लावू नका, पाहण्याच्या सवयीवरून लावा. ‘कुंकू’ (1937) आणि ‘कोर्ट’ (2014) एकामागून एक दाखवा. ‘कुंकू’त पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिकच नायिकेच्या नवऱ्याचं, काकासाहेबांचं, म्हातारपण सांगते, त्यामुळे तेवढा वेळ हॉलमधले पंखे हळू करा. ‘कोर्ट’मध्ये कॅमेरा दुरून, न हलता बघत राहतो, माणसं चौकटीत लहान दिसतात. शेवटची रांग पडद्यापासून 15 फुटांच्या आत हवी, नाहीतर लोक कंटाळतात आणि दोष सिनेमाला देतात. माझ्या मते जुना आधी लावावा: शांततेला कान सरावले की नव्या सिनेमाचा संथपणा खटकत नाही. ‘संत तुकाराम’ मात्र एकटाच लावा, त्याच्यानंतर काही बघवत नाही.

परवानगीचंही बघा. आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढल्या वर्षापासून 60 वर्षं असतो. 1936-37 च्या सिनेमांची ती मुदत संपली आहे. नव्या सिनेमासाठी निर्मात्याची लेखी परवानगी घ्या, घरच्या ओटीटी खात्यावरून हॉलमध्ये दाखवता येत नाही.