नामिबची वर्तुळं: नक्षी जुळली म्हणजे कारण सापडलं का?

मुळाक्षर (धागाकर्ता)

नैऋत्य आफ्रिकेतल्या नामिब वाळवंटाच्या पूर्वेकडच्या पट्ट्यात, वर्षाला साधारण ५० ते १५० मिमी पाऊस पडतो तिथे, स्टिपाग्रोस्टिस गवताच्या कुरणांत गोल टकलं पडलेली दिसतात. व्यास बहुतेक २ ते १० मीटर, कडेला उंच गवताची झालर, आणि अंतरं इतकी सारखी की वरून मधमाश्यांचं पोळं वाटावं. याच त्या प्रसिद्ध 'फेअरी सर्कल'.

कारणाबद्दल दोन तट आहेत. हॅम्बुर्ग विद्यापीठाच्या नॉर्बर्ट युर्गेन्स यांनी २०१३ मध्ये वाळूतल्या वाळवीकडे, सामोटर्मिस अलोसेरसकडे, बोट दाखवलं. ती मुळं खाते, उघड्या वाळूतलं पाणी शोषायला झाड उरत नाही, ओल खाली साठून राहते आणि वसाहत त्यावर तगते. दुसरीकडे ग्योटिंगेनचे स्टेफान गेट्झिन आणि बेन-गुरियन विद्यापीठाचे एहुद मेरॉन, हेझी यिझाक. त्यांच्या मते गवतच पाण्यासाठी आपसात झगडतं आणि गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने १९५२ मध्ये मांडलेल्या यंत्रणेसारखी (वेगवेगळ्या वेगाने पसरणाऱ्या दोन गोष्टींच्या खेचाखेचीतून) नक्षी आपोआप उमटते. २०१७ मध्ये प्रिन्स्टनच्या कोरिना टार्निटा आणि रॉबर्ट प्रिंगल यांच्या गटाने दोन्ही यंत्रणा एकाच मॉडेलमध्ये बसवून दाखवल्या.

माझं म्हणणं थोडं कडू आहे. गणित आणि भौतिकशास्त्र विभागांतून या विषयावर निघणाऱ्या बऱ्याच कामात पुरावा म्हणून एवढंच असतं: डावीकडे सिम्युलेशन, उजवीकडे उपग्रहचित्र, बघा किती सारखं! नक्षी सोडून दुसऱ्या कशाचं तरी भाकीत केल्याशिवाय अशा कामाला पीएचडी देऊ नये.

लॅम्डा

असहमत. चित्राशेजारी चित्र ठेवणारे लोक आहेत, पण शाखा तेवढ्यावर उभी नाही. कोरड्या प्रदेशातल्या गवत-पाण्याचं क्लाउसमायरचं १९९९ चं मॉडेल घ्या, दोनच समीकरणं. पाण्यात पावसाची भर पडते (हा आकडा 'अ' म्हणू), पाणी स्वतःच्या प्रमाणात उडून जातं आणि गवत जे पितं ते पाणी गुणिले गवताच्या घनतेचा वर्ग. वर्ग अशासाठी, की गवत असेल तिथे पाणी जास्त मुरतं. गवत तेवढ्याच पदाने वाढतं, 'म' दराने मरतं आणि बियांनी पसरतं. गवतासाठी म = ०.४५. सपाट जमिनीसाठी पाण्यालाही विसरण (चहूकडे आपोआप पसरणं) द्यायचं, गवताच्या 'ड' पट.

आता कागदावर करून बघा. एकसारखं कुरण शक्य व्हायला 'अ' निदान 'म'च्या दुप्पट, म्हणजे ०.९ हवा. अ = २ धरला तर स्थिर घनता ४.२१ येते, आणि ही हिरवळ फुटून नक्षी व्हायला ड सुमारे २२४ च्या वर लागतो. पाऊस कमी करून अ = १.२ केला की घनता २.२१ वर येते आणि तोच उंबरठा ५८ वर. तरंगलांबी (नक्षी किती अंतराने पुन्हा येते ते) दोन्ही वेळा १५ एककांच्या आसपास. म्हणजे ड = १०० असलेल्या जमिनीवर भरपूर पावसात सलग कुरण राहील आणि दुष्काळात ते फाटेल. हे कुठल्याही चित्राआधी, पेन्सिलीने निघतं. तुम्ही मागता तसलं भाकीतच आहे हे.

मुळाक्षर

गणित बरोबर आहे, पडताळून पाहिलं. पण एककं लावा. क्लाउसमायरच्या आकड्यांत गवताचं विसरण वर्षाला १ चौरस मीटर आणि बाष्पीभवनाचा दर वर्षाला ४, म्हणजे लांबीचं एकक अर्धा मीटर. तुमची तरंगलांबी झाली साडेसात मीटर. छान, नामिबच्या जवळपास. ड = ५८ म्हणजे वर्षाला ५८ चौरस मीटर, सेकंदाला सुमारे दोन वर्ग मिलिमीटर. ओल्या वाळूत हे शक्य आहे. पण वाळूतलं पाण्याचं विसरण स्थिर नसतं, ओल उतरली की ते अनेक पटींनी कोसळतं. पाऊस थांबल्यावर वरचा थर काही दिवसांत सुकतो, कणांभोवतीचे पाण्याचे पापुद्रे एकमेकांपासून तुटतात आणि आडवा प्रवाह जवळजवळ बंद. गवताला ज्या दिवसांत पाणी ओढून घ्यायची गरज, नेमक्या त्याच दिवसांत तुमचा ड घसरलेला. वर्षाची सरासरी काढून ही अडचण जात नाही, लपते.

ग्रिडकर

मी कुठल्याच तटात नाही, पण पेपरांतल्या सिम्युलेशनबद्दल बोलायलाच हवं. ती चुकीची आहेत असं नाही, तपासलेली नसतात.

क्लाउसमायरचंच उताराचं मॉडेल घ्या. पाणी खाली वाहण्याचा वेग १८२.५ एकक. बहुतेक जण साधी अपविंड पद्धत (प्रवाह येतो त्या बाजूच्या खणावरून पुढचा आकडा काढणारी) वापरतात, जाळीचं अंतर १, आणि कालपावलाची मर्यादा पाळायला कुरांट संख्या (एका कालपावलात पाणी जाळीचे किती खण ओलांडतं) ०.५ ठेवतात. या पद्धतीत वेग गुणिले अंतर गुणिले (१ वजा कुरांट) भागिले २ इतकं कृत्रिम विसरण आपोआप घुसतं. करा हिशोब: ४५.६. वर लॅम्डा म्हणतात की उंबरठा ५८! पेपरात लिहिलेलं असतं 'पाण्याचं विसरण शून्य', आणि संगणकात पंचेचाळीस चालू असतं. उतारावर पट्टे तरीही येतील, वाहण्यानेच येतात, पण त्यांची रुंदी आणि सरकण्याचा वेग भरवशाचा नाही. अंतर अर्धं करून, कुरांट तेवढीच ठेवून, पुन्हा चालवा. तरंगलांबी हलली तर आधीचा आकडा जाळीचा होता, वाळवंटाचा नव्हे.

दुसरं, सीमा. आवर्ती सीमा (एका कडेने गेलेलं दुसऱ्या कडेने परत येतं) आणि लांबी १०० ठेवली तर १५ ची तरंगलांबी बसतच नाही. सहा पट्टे म्हणजे १६.७, सात म्हणजे १४.३, मधलं काही नाही. मग आलेखात पायऱ्या दिसतात आणि कुणीतरी त्यांना 'अचानक बदल' म्हणून मोकळं होतं. लांबी ५०० च्या वर न्या. सुरुवात स्थिर अवस्थेवर एखाद टक्का गोंधळ टाकून करा, आणि निदान पाच वेगवेगळ्या बियांवरून. (बी म्हणजे यादृच्छिक संख्यांचं बी. या धाग्यात सांगितलेलं बरं.)

शंकेखोर

मूळ मुद्द्याला +१. अंतरांच्या आकडेवारीवरून कारण ठरत नाही. जोडी-सहसंबंध फलन (एका वर्तुळापासून ठरावीक अंतरावर दुसरं सापडण्याची शक्यता, निव्वळ योगायोगाच्या तुलनेत) काढलं की अंतर लहान असताना ते १ च्या खूप खाली, मग एक उंचवटा, मग १ भोवती हलकी डोलणी. सरासरी शेजारी सहाच्या आसपास. पण वाळवीच्या वसाहती हद्दीसाठी भांडल्या तरी हेच येतं! आपसात ढकलणाऱ्या कुठल्याही वस्तू सपाटीवर दाटीने बसल्या की षटकोनी मांडणीकडे झुकतात. त्यातून प्लॉट लहान असेल आणि कडेची दुरुस्ती (प्लॉटबाहेरचे शेजारी मोजले जात नाहीत त्याची भरपाई) केली नसेल तर उंचवटा कुठे आहे हेही खात्रीने सांगता येत नाही.

लॅम्डा

जागेतली नक्षी पुरेशी नाही, मान्य. म्हणून काळात बघा. पाऊस घटत जातो तसा मॉडेलमधला क्रम ठरलेला: सलग कुरण, त्यात भोकं, मग चक्रव्यूह, मग सुटे ठिपके. नामिबची वर्तुळं यातली भोकं. त्यावरून निघतं की कोरड्या वर्षांत नवी भोकं पडावीत आणि ओल्या वर्षांत काही बुजावीत. २०१५ मध्ये झेलनिक, मेरॉन आणि बेल यांनी उपग्रहचित्रं आणि पावसाच्या नोंदी शेजारी ठेवून हाच कल दाखवला. फ्लोरिडाच्या वॉल्टर चिंकेल यांनीही २०१२ मध्ये दाखवलं होतं की वर्तुळं जन्मतात आणि मरतात, सरासरी आयुष्य अंदाजे ४१ वर्षं. नक्षी गोठलेली नाही. आणि उतारावरचे पट्टे वर चढतात हेही भाकीतच आहे: पट्ट्याच्या वरच्या कडेला आधी पाणी मिळतं, खालची कड तहानेने मरते.

मुळाक्षर

वर्तुळं बुजण्याचा अर्थ दोन्हीकडून लागतो. ओल्या वर्षात वाळवी मरो वा खाऊन संपणार नाही इतकं गवत येवो, चित्र तेच.

पट्ट्यांचं भाकीत मात्र खरंच स्वच्छ आहे. पण मोजायला बसा. वेग बहुधा वर्षाला मीटरभराच्या आत. जुनी चित्रं म्हणजे १९६० ते १९७२ ची कोरोना हेरगिरी उपग्रहांची फिल्म, चांगल्यात चांगली सुमारे दोन मीटर बारकाव्याची आणि पॅनोरॅमिक कॅमेऱ्यामुळे कडेला वाकलेली. जुनं-नवं चित्र एकमेकांवर बसवताना ५ मीटर चूक राहिली आणि मध्ये ४० वर्षं गेली तर वर्षाला साडेबारा सेंटिमीटर नुसती चूकच. त्यामुळे पट्ट्यांसोबत न हलणाऱ्या खुणा, खडक, जुन्या वाटांचे फाटे, यांचं सरकणंही त्याच पद्धतीने मोजून शून्य येतंय ना हे दाखवायला हवं. उतारही हवा, कारण चढण कुठली हे ठरवल्याशिवाय 'वर चढला' याला अर्थ नाही. आणि इतका सौम्य उतार ढोबळ उंचीनकाशात कुठे दिसतो?

रेतीमोजणी

सगळे समीकरणांवर आणि चित्रांवर. मुळं कुणी बघायची?

गेट्झिन गटाने २०२२ मध्ये तेच केलं. पावसानंतर वर्तुळांत उगवलेलं कोवळं गवत उकरून मुळं मोजली. साधारण दहा दिवसांत आतलं गवत मान टाकू लागतं, विसाव्या दिवसापर्यंत पिवळं पडून मेलेलं असतं आणि बाहेरचं हिरवंगार. मेलेल्याची मुळं बाहेरच्या गवताइतकीच किंवा लांब, वाळवीने कुरतडल्याची खूण नाही. पाण्याच्या शोधात लांबलेली मुळं, असं त्यांचं म्हणणं. सेन्सरनी दाखवलं की कडेचं गवत जोमात आल्यावर आतली वरची ओलही झपाट्याने उतरते. मुळाक्षरांचा 'ड कोसळतो' हा आक्षेप इथे पुन्हा तपासायला हवा. पाऊस पडल्यावरचे पहिले आठवडे वाळू ओली असते आणि खेच तेव्हाच लागते.

पण हा ओलीचा डेटा कसा घेतला जातो यावर सगळं अवलंबून. सेन्सर वरून खड्डा करून घालू नका. बाजूला चर खणा आणि तिच्या भिंतीत आडवे खुपसा: १०, २०, ४०, ६० सेंटिमीटरवर, केंद्रात, झालरीत आणि बाहेर. खड्डा बुजवून घातलेल्या सेन्सरभोवती वाळू सैल राहते, पाणी तिथूनच खाली पळतं आणि पट्टीलगत हवा राहिली की ओल खरीपेक्षा कमी दिसते. कारखान्याचं कॅलिब्रेशन वाळूला चालत नाही. त्याच जागेची वाळू ठरलेल्या आकारमानात घेऊन १०५ अंशांवर २४ तास वाळवा, वजनातल्या फरकावरून स्वतःची रेषा बसवा. वरच्या थरातल्या कपॅसिटन्स सेन्सरवर (वाळूच्या विद्युत गुणधर्मावरून ओल मोजणाऱ्या) तापमान चढतं-उतरतं तशी खोटी डोलणी येते. तिला 'रोज पाणी ओढलं जातंय' समजून बसलेले लोक आहेत, म्हणून तापमान सोबतच नोंदवा आणि पहाटेचंच वाचन तुलनेला घ्या.

शंकेखोर

मुळं निरोगी निघाली म्हणजे वाळवी निर्दोष? पाहणी ठरावीक दिवसांची, वाळवी भूमिगत. ऑस्ट्रेलियातली गंमत बघा. न्यूमनजवळच्या स्पिनिफेक्स गवतातल्या वर्तुळांना २०१६ मध्ये 'इथे वाळवीचा संबंध नाही' म्हटलं गेलं. २०२३ मध्ये फियोना वॉल्श आणि तिथल्या आदिवासी मार्टू लोकांसह इतरांच्या गटाने दाखवलं की त्या टकलांखाली ड्रेपॅनोटर्मिस वाळवीचे घट्ट थर आहेत. मार्टू लोकांना ते पूर्वीपासून ठाऊक होतं, त्यांच्याकडे शब्दही आहे: लिंजी. त्यावरही वाद चालू आहेच. पण तिथलं पाणी कडक चिकणमातीवरून पृष्ठभागावर वाहतं, नामिबचं वाळूत मुरतं. दोन वेगळ्या यंत्रणा, एकच नक्षी. धागाकर्त्याच्या बाजूने यापेक्षा चांगला साक्षीदार नाही.

लॅम्डा

किंवा माझ्या बाजूने! वेगळ्या पदार्थांतून तीच नक्षी येते हेच तर स्थिरता विश्लेषण (छोटा गोंधळ वाढतो की विरतो हे बघणं) सांगतं. कारण कुठलं ते समीकरण ठरवत नाही, हे कबूल. पण कुठल्या दोन आकड्यांचं गुणोत्तर मोजायला हवं हे तेच सांगतं. त्याशिवाय रेतीमोजणींचे सेन्सर कुठल्या अंतरावर लावायचे हेही कळलं नसतं.

मुळाक्षर

एवढं मान्य. मग प्रयोग सांगा, जो दोन्ही तटांना वेगळं उत्तर देईल.

रेतीमोजणी

वर्तुळाच्या आत, झालरीला लागून, मीटरभर खोल गोल चर. काहींत प्लास्टिकचा पडदा: पाणी अडतं, वाळवीही अडते. काहींत बारीक छिद्रांची स्टेनलेस जाळी: वाळवी अडते, पाणी जातं. दोन्ही प्रकारांत अर्ध्या वर्तुळांना आतून वाळवीनाशक, कारण वसाहत आधीच आत असू शकते. पाणी कारण असेल तर आतलं कोवळं गवत प्लास्टिकच्या आत जास्त दिवस टिकेल, जाळीच्या आत नाही, औषध असो वा नसो. वाळवी कारण असेल तर औषध दिलेल्या दोन्हींत टिकेल. नुसती चर खणून बुजवलेली आणि अजिबात न खणलेली अशी आणखी वर्तुळं हवीत, कारण खणण्याने वाळूची घट्टाई बदलते.

अडचण जाळीची आहे. तिच्या दोन्ही बाजूंना वाळू थराथराने, ओली करून दाबली नाही तर मध्ये हवेची फट राहते, पाण्याचा केशाकर्षणाचा धागा तिथे तुटतो आणि जाळी प्लास्टिकसारखीच वागते. शिवाय झालरीची बारीक मुळं छिद्रांतून आत घुसतात, जाड मुळं अडतात, म्हणजे आतली खेचही थोडी कमी होते. म्हणून जाळीच्या आत आणि बाहेर १० सेंटिमीटरवर एकेक सेन्सरची जोडी लावायची. पहिल्या पावसानंतर दोन्ही वाचनं सोबत उतरत नसतील तर ते वर्तुळ हिशोबातून काढायचं, गवत मेलं की जगलं ते बघण्याआधीच.