अनुभव लिहा: छोटी एसयूव्ही घेताना इंजिन, बांधणी आणि दिलेल्या पैशाचं मोल

मुलुंड पूर्व (धागा सुरू करते आहे)

आमच्या वॅगन आरला पुढच्या मार्चमध्ये पंधरा वर्षं पूर्ण होतील. तिने आम्हाला एकदाही रस्त्यात सोडलं नाही, पण आता आईला त्या खालच्या सीटवरून उठताना दरवाजाची चौकट धरावी लागते. दोन्ही गुडघ्यांचं दुखणं आहे. म्हणून जरा उंच बसायची, चार मीटरच्या आतली एसयूव्ही बघतोय.

आमचा वापर सांगते. रोज मुलुंड ते पवई, एका बाजूने नऊ-दहा किलोमीटर, पण गांधीनगरपासून पुढे जेव्हीएलआरवर, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर, गाडी सरकत असते, चालत नसते. दीड-दोन महिन्यांतून एकदा गुहागर. चौघं, सामान आणि परतताना आंब्याच्या किंवा तांदळाच्या गोण्या. टाटाची नेक्सॉन, मारुतीची ब्रेझा, महिंद्राची थ्री एक्स ओ, ह्युंदाईची व्हेन्यू आणि स्कोडाची कायलॅक, एवढी नावं वहीत आहेत. पेट्रोल, डिझेल की सीएनजी यावर घरात रोज वाद होतो. शोरूममधला मुलगा सगळ्याच गाड्या चांगल्या म्हणतो. ज्यांनी दोन पावसाळे गाडी चालवली आहे त्यांनी लिहावं, एवढीच विनंती. काय चुकलं तेही लिहा.

घोडबंदर रोड, ठाणे

ताई, डिझेलचं आधी सांगतो, कारण तुमचा वापर अगदी माझ्यासारखा आहे आणि मी त्यात पोळलोय. गाडीचं नाव लिहीत नाही, कारण चूक गाडीची नव्हतीच. माझ्या वापराला ती नको होती.

२०२१मध्ये डिझेल घेतली. डोक्यात जुना हिशेब: डिझेल म्हणजे ॲव्हरेज, डिझेल म्हणजे घाटात ताकद. दोन्ही खरं आहे. पण १ एप्रिल २०२०पासून बीएस ६, म्हणजे गाडीच्या धुराचे कडक नियम, लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, सक्तीचाच झाल्यासारखा झाला. ही काजळी गाडी स्वतः जाळते, पण त्यासाठी धूर खूप तापावा लागतो, आणि तो तापायला गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगाने पळावी लागते. माझं ऑफिस वागळे इस्टेटला. सात किलोमीटर, माजिवड्याला ठप्प. गाडी काजळी जाळायला सुरुवात करायची आणि मी तोवर पार्किंगमध्ये पोचून किल्ली काढायचो.

लक्षणं नीट सांगतो, ओळखायला उपयोगी पडतील. सिग्नलला उभं असताना आरपीएमचा काटा नेहमीपेक्षा थोडा वर राहतो. गाडी बंद केल्यावरही पुढचा पंखा दोन-तीन मिनिटं घरघरत राहतो. बॉनेटजवळ उभं राहिलं की तापलेल्या लोखंडाचा वास येतो. मग एक दिवस पिवळा दिवा लागतो. मी दिवा लागूनही आठवडाभर तशीच चालवली. एका रविवारी सहज ऑइलची डिपस्टिक काढून पुसली आणि पुन्हा घालून पाहिली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर. ऑइल कमी होतं हे ऐकलं होतं, वाढतं कसं? अर्धवट राहिलेल्या प्रत्येक जाळणीत थोडं डिझेल न जळता ऑइलमध्ये उतरतं. पातळ झालेलं ते ऑइल बोटांवर चोळलं तर घसरत होतं, चिकटत नव्हतं.

वर्कशॉपने जबरदस्तीची जाळणी केली, ऑइल बदललं, बिल दिलं. वर सांगितलं की ‘साहेब, गाडी हायवेला पळवा.’ हे विकताना कोणी सांगितलं नव्हतं, याचा राग मला अजून आहे. तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी पहाटे पडघ्यापर्यंत जाऊन येतो, एक गिअर खाली ठेवून, काटा दोन हजारांच्या वर. परत दिवा लागलेला नाही. पण नुसती गाडी धडधाकट राहावी म्हणून दीड तास आणि डिझेल घालवायचं, हा कसला फायदा? त्यात महाराष्ट्रात डिझेल गाडीचा रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त.

गुहागर वर्षातून सहा-सात वेळा. त्यासाठी डिझेल घेऊ नका.

वाशी, नवी मुंबई

वरच्या दादांचं बरोबर, पण दुसरी बाजूही नोंदवतो. माझं काम दर आठवड्याला कोल्हापूरला. थ्री एक्स ओ डिझेल, मॅन्युअल. ३०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, काय असते ते बोरघाटात कळतं: कंटेनरच्या मागे अडकलो तरी चौथ्या गिअरमध्येच गाडी उचलते, खाली यावं लागत नाही. डीपीएफचा दिवा मी आजवर पाहिलेला नाही, कारण गाडी कधी गार राहतच नाही. महिन्याला अडीच हजार किलोमीटर होत असतील तर डिझेलसारखं सुख नाही.

डोंबिवली पूर्व

सीएनजीबद्दल थोडक्यात. रोज साठ किलोमीटर असल्यामुळे मला परवडतं. रोड टॅक्सही पेट्रोलपेक्षा कमी बसतो. अडचणी दोन. पंपावरची रांग: मी रात्री साडेअकराला भरतो, सकाळी जायचं धाडस करत नाही. आणि डिकी. एकच मोठी टाकी असली की डिकी संपली, गुहागरचे तांदूळ मांडीवर. नेक्सॉन सीएनजीमध्ये टाकीचे दोन लहान भाग करून तळाशी बसवलेत, वर ३२१ लिटर जागा उरते, शिवाय इंजिन टर्बो, म्हणजे हवा दाबून आत घेऊन जास्त ताकद देणारं. मी तीच घेतली. दोन मध्यम बॅगा आणि भाजीची पिशवी नीट बसते. ताईंच्या वीस किलोमीटरला सीएनजीची गरज आहे का, हे मात्र त्यांनी कागदावर मांडून बघावं.

चेंबूर

मी बेस्टच्या डेपोत एकतीस वर्षं गाड्यांखाली काढली. मजबुतीबद्दल लोक जे बोलतात ते ऐकून वाईट वाटतं, म्हणून लिहितो.

दरवाजा आपटून ‘ठप्प’ आवाज आला म्हणजे गाडी मजबूत, हा समज सोडा. तो आवाज रबराचा आणि आतल्या पॅडिंगचा. बोटाने पत्रा दाबून बघणंही तसंच. बाहेरचा पत्रा माणसाला वाचवत नाही, वाचवतो तो आतला सांगाडा: दरवाजांमधले खांब, खालचे आडवे बीम, छताची कड. पुढचा भाग तर चुरगळायलाच हवा, म्हणजे धक्का तिथे संपतो आणि माणसं बसतात तो पिंजरा शाबूत राहतो. ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून टक्कर चाचणीचा निकाल बघायचा. १ ऑक्टोबर २०२३पासून आपल्याकडे भारत एनकॅप ही चाचणी सुरू झाली आहे. गाडी ताशी ६४ किलोमीटरने, समोरच्या रुंदीचा ४० टक्के भाग लागेल अशी अडथळ्यावर नेतात. बाजूनेही धडक देतात. नेक्सॉन, थ्री एक्स ओ आणि कायलॅक तिन्हींना तिथे पाच तारे आहेत. त्याआधी डिसेंबर २०१८मध्ये ग्लोबल एनकॅपमध्ये पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी नेक्सॉनच होती. त्या दिवसापासून आपल्याकडचा गिऱ्हाईक ताऱ्यांबद्दल विचारायला लागला, ही फार मोठी गोष्ट झाली.

आता हाताने काय तपासायचं ते सांगतो. चारही दरवाजे अर्धे उघडून सोडा. स्वतःहून झुकता कामा नयेत. दरवाजा आणि खांब यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत करंगळीने चाचपा, सारखी हवी. मागची सीट पाडून खालचं कार्पेट उचला आणि वास घ्या. डिलिव्हरीच्या दिवशीसुद्धा घ्या. माझ्या जावयाच्या नव्या गाडीत, कंपनीचं नाव घेत नाही, पहिल्या जुलैत मागच्या दाराच्या रबरातून पाणी झिरपलं. वर सगळं कोरडं, कार्पेटखाली स्पंज ओला पचपचीत. तीन आठवडे कुबट वास एसीचा समजून ते एसी साफ करत होते. रबर बदलून काम भागलं, पण तोवर सीटच्या रुळांवर गंज धरला होता.

आणि पाठीमागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावा. आईंनासुद्धा.

हिंदू कॉलनी, दादर

गाडी ठरवण्याआधी ती ठेवणार कुठे ते मोजा, ही माझी कळकळीची सूचना. आमची इमारत पुनर्विकासात गेली, नवीन घराबरोबर यांत्रिक पार्किंग मिळालं. आम्ही आनंदात गाडी बुक केली. मग वॉचमनने खांबावरची पाटी दाखवली: खालच्या मजल्यावर उंचीची मर्यादा १५५० मिलिमीटर. आता आकडे बघा. कायलॅक १६१९, नेक्सॉन १६२०, ब्रेझा १६८५. एकही बसत नाही. ज्यांच्याकडे सेडान होती अशा शेजाऱ्यांनी वरचा मजला आम्हाला बदलून दिला म्हणून निभावलं. नाहीतर नवी गाडी रस्त्यावर आणि रोज टोइंगची भीती.

रुंदीही बघा. थ्री एक्स ओ १८२१ मिलिमीटर आहे, कायलॅक १७८३. कागदावर जेमतेम चार सेंटिमीटरचा फरक, पण पॅलेटच्या, म्हणजे गाडी उचलणाऱ्या पाटाच्या, लोखंडी कडेवरून दार उघडून पोटावरून सरकत बाहेर पडताना तोच फरक जाणवतो. आईंना आधी फाटकाशी उतरवावं लागेल.

अंधेरी पश्चिम

ऑटोमॅटिक घेणार असाल तर आतला प्रकार विचारा, नुसतं ‘ऑटोमॅटिक’ वर समाधान मानू नका. माझ्या आधीच्या गाडीत कोरडा ड्युअल क्लच होता, म्हणजे तेलात न बुडलेले दोन क्लच आळीपाळीने गिअर बदलतात तो प्रकार. मोकळ्या रस्त्यावर लोण्यासारखी. पण गोखले पूल बंद होता त्या काळात अंधेरी ओलांडायला पाऊण तास लागायचा, इंच-इंच सरकताना तो क्लच आपण हाफ क्लचवर धरतो तसाच घासत राहायचा. दोनदा पडद्यावर ‘गिअरबॉक्स तापला, थांबा’ असा इशारा आला, एकदा आंबोली नाक्याच्या सिग्नलवर, मागून हॉर्न. नंतर मी शिकले: पुढच्या गाडीला दोन गाड्यांचं अंतर पडू द्यायचं, मग एकदम सोडायची. मुंबईत ते अंतर कोणी ठेवू देतं का?

आता टॉर्क कन्व्हर्टर वापरते. त्यात जोडणी तेलातून होते, सरकतानाची घासाघीस नाही. ब्रेझा, कायलॅक आणि थ्री एक्स ओ पेट्रोलमध्ये तोच सहा गिअरचा प्रकार मिळतो. पेट्रोल थोडं जास्त पिते, ते मी मान्य केलंय.

अजून एक. इन्शुरन्समध्ये ‘इंजिन प्रोटेक्ट’ घ्याच. साठलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारायचा नाही. हवेच्या वाटेने आत गेलेलं पाणी दाबलं जात नाही आणि आतला दांडा वाकतो. नुसत्या साध्या पॉलिसीत हे बहुतेक वेळा बसत नाही. ग्राउंड क्लिअरन्स २०० मिलिमीटर असला तरी पावसात तुंबणाऱ्या मिलन सबवेला एसयूव्ही आणि हॅचबॅक सारख्याच.

बोरिवली पश्चिम

पैशाच्या बाजूने एक मुद्दा राहिला. २२ सप्टेंबर २०२५पासून पेट्रोल-डिझेल गाड्यांना जीएसटीचे दोनच कप्पे आहेत: लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर १८ टक्के, बाकी सगळ्यांना ४०. ब्रेझाची लांबी बसते, पण पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ती ४०मध्ये. तरीही मी ब्रेझाच घेतली आणि तिचं कारण चार सिलिंडर. बाकीच्या टर्बो पेट्रोल गाड्या तीन सिलिंडरच्या. उभ्या असताना पायाखाली बारीक थरथर जाणवते. माझ्या वडिलांना पाठीचा त्रास आहे, त्यांनी दोन्हींत डोळे मिटून बसून निवड केली. टर्बो नसल्यामुळे घाटात ती दमते, पण खालच्या वेगात कुठेही गचका नाही.

ऑन रोड किमतीचा कागद मागाल तेव्हा प्रत्येक ओळ वाचा. ‘हँडलिंग चार्जेस’ दिसले तर काढायला लावा. मी लावले, त्यांनी काढले.

मुलुंड पूर्व (धागा सुरू करणारी)

सगळ्यांचे मनापासून आभार. ठाण्याच्या दादांचं वाचून डिझेल त्याच रात्री वहीतून खोडलं. सीएनजीचा हिशेबही मांडला, आमच्या वापरात जास्तीची किंमत वसूल व्हायला फार वर्षं लागतात.

शनिवारी दोन टेस्ट ड्राइव्ह झाल्या. शोरूमवाल्यांना मोकळ्या रस्त्यावर न्यायचं होतं, मी हट्टाने आमच्याच वाटेने नेली: एलबीएस रस्ता, गांधीनगर, जेव्हीएलआरचा चढ, चौघं आत, एसी चालू. कायलॅकचं हजार सीसीचं टर्बो इंजिन पहिल्या क्षणाला थोडं थांबतं, मग एकदम ओढतं. ११५ पीएस ताकद आहे हे चढावर पटलं. ब्रेझा सुरुवातीपासून सारखी चालली, चौघं बसल्यावर चढाला आवाज वाढला. चेंबूरच्या काकांनी सांगितलेली करंगळीची तपासणी दोन्हींत केली. कार्पेटही उचललं, तो मुलगा बघतच राहिला.

आईला दोन्हींत तीन-तीनदा चढायला-उतरायला लावलं. ब्रेझात पाय सरळ जमिनीला टेकला, हात चौकटीकडे गेला नाही. कायलॅकमध्ये एकदा गेला. यजमानांचा कौल ताऱ्यांमुळे कायलॅककडे आहे, आणि तो मला सहज बाजूला सारता येत नाही. उद्या आईला पुन्हा घेऊन जातोय, या वेळी तिच्या नेहमीच्या चपला घालून. शनिवारी तिने नवीन सँडल घातले होते. आमचं पार्किंग उघड्यावर आहे, तरी टेप घेऊन मोजून आले. दोन्ही बसतात.