डाव्या मनगटातली मधली दोरी नाहीच, हा दोष आहे का?

शिवणवाली: नमस्कार मंडळी. लेकीच्या दहावीच्या पुस्तकात अवशेषांगं, म्हणजे उत्क्रांतीत मूळ काम संपून खुणेपुरते उरलेले अवयव, आलीत. आंत्रपुच्छ, माकडहाड, अक्कलदाढ वगैरे. परवा तिनं घरात सगळ्यांचे हात तपासले. अंगठा करंगळीला टेकवायचा आणि मनगट आत मुडपायचं. तिच्या दोन्ही मनगटांवर मधोमध ताठ दोरी उठून आली. माझ्या उजव्यावर आली, डाव्यावर नुसती सपाट कातडी. सासूबाई म्हणतात, "डाव्या हाताला काम नाही, म्हणून गेली असेल शीर." मी 15 वर्षं शिवणकाम करते, मशीनवर कापड डाव्या हातानंच सरकवते. त्यामुळे पटत नाही, पण काळजी वाटते.

फिजिओ_सातारा: ताई, दोष अजिबात नाही. ती शीर नव्हे, पाल्मारिस लाँगस या स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायूच्या टोकाची दोरी. साधारण सातातल्या एकाला ती एका किंवा दोन्ही हातांत नसते. पकडीत फरक जाणवत नाही. म्हणून तर हातातली दुसरी कंडरा तुटली की सर्जन बऱ्याचदा हीच काढून तिथं जोडतात.

सासूबाईंना सांगा, काम न केल्यानं ती जात नाही, जन्मतःच नसते. चालताना ज्यांचा भार हातांवर येतो, त्या माकडांमध्ये हा स्नायू चांगला वाढलेला असतो. आपण दोन पायांवर चालतो. तो नसलेल्या माणसाचं काही अडत नाही, त्यालाही मुलंबाळं होतात, आणि 'नसणं' पुढच्या पिढीत जातं.

सर्पमित्र: अवशेषांग म्हटलं की 'निरुपयोगी' हा शब्द चिकटतोच, तो मला खटकतो. मागच्या पावसाळ्यात खुराड्यातून अजगर काढला. शेपूट सुरू होते तिथं, मलद्वाराच्या दोन्ही बाजूंना, खवल्यांतून एकेक वाकडं नख डोकावत होतं. मागच्या पायांची तेवढीच खूण उरलीय, आत मांडीच्या हाडाचा छोटा तुकडाही असतो. चालायला शून्य उपयोग. पण नर मिलनाच्या वेळी त्याच नखांनी मादीला डिवचतो. एका कामातून गेलेला अवयव दुसऱ्या कामात टिकू शकतो, हे डार्विननं 1859 मध्येच लिहून ठेवलंय. लेकीला हे जरूर सांगा.

शिवणवाली: दोघांचे मनापासून आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं. मग माहेरी व्हिडिओ कॉल लावला. बाबा सुतार, 40 वर्षं रंधा मारतायत. लेकीनं त्यांना अंगठा करंगळीला लावायला सांगितला. दोन्ही मनगटं सपाट!