बॉर्डर कॉलीचं पहिलं वेत: पिल्लं किती आणि नेमकी कधी?

झिपरीवाला (देवगड)

नमस्कार मंडळी. आमची झिपरी बॉर्डर कॉली आहे, काळी-पांढरी, तीन वर्षांची. घरच्या कन्याळ शेळ्या सड्यावर नेते-आणते. शिकवलं कोणीच नाही, एखादी शेळी बाजूला सरकली की ही आपोआप पोटावर वाकून तिच्या समोर जाते.

आषाढात माजावर होती तेव्हा कोल्हापूरच्या एका नराकडे नेली. एक दिवस सोडून दोनदा मेटिंग झालं. सोनोग्राफीत डॉक्टरांना चार दिसली, "पाचही असतील" म्हणाले. शेजारची आजी पोट बघून सांगते, "दोनच असतली, पयल्या येताक जास्त नाय होणत." पिल्लासाठी सांगून ठेवलेले मात्र आत्ताच सहा जण आहेत.

तर प्रश्न असे. या जातीला साधारण किती पिल्लं होतात? गाभणपणाचे 63 दिवस धरायचे ते पहिल्या मेटिंगपासून की दुसऱ्या? कसेही मोजले तरी तारीख गणपतीत येते, घर चाकरमान्यांनी भरलेलं असणार. मेडिकलवाल्याने कॅल्शियमची बाटली दिली आहे, किती द्यायची?

आणि एक राहिलं. कोल्हापूरहून आणल्यावर दोन दिवसांनी आवाठातला काळ्या नावाचा कुत्रा गडग्यावरून उडी मारून आत आला होता. दोघं अडकलेली दिसली. आता पिल्लं कोणाची म्हणायची?

सावंतवाडीकर

आमच्या लॅबला (लॅब्राडोर) अकरा झाली होती. पाळण्याची तयारी ठेवा 😄

गोठेवाले काका (लांजा)

सावंतवाडीकर, लॅब वेगळी, कॉली वेगळी. कुत्रीचं अंग जेवढं मोठं तेवढी पिल्लं जास्त, हा ढोबळ नियम. नॉर्वेच्या केनेल क्लबच्या नोंदींवर 2011 मध्ये एक अभ्यास छापून आला होता. 224 जाती, 10,810 वेतं, आणि सगळ्यांची सरासरी 5.4 पिल्लं. बॉर्डर कॉली मध्यम अंगाची, तिला साधारण सहा धरा. चार ते आठ यातलं काहीही झालं तरी नवल नाही.

झिपरीवाले, मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. गाई-म्हशींत आयुष्य गेलं, पण कुत्री अडली की लोक रात्री माझंच दार वाजवायचे. म्हणून सांगतो, आजींचा अंदाज पोटावरून आहे आणि पोट फसवतं. शेळ्यांमागे धावणाऱ्या कुत्रीचं पोट घट्ट असतं, शेवटच्या दोन आठवड्यांपर्यंत फारसं दिसतच नाही. पहिल्या वेताला थोडी कमी होतात हे मात्र पुष्कळदा खरं ठरतं.

सोनोग्राफी पिल्लं जिवंत आहेत का ते बघायला उत्तम, मोजायला नाही. कुत्रीच्या गर्भाशयाला दोन लांब शिंगं असतात आणि ती पोटात वळून बसतात. एकच पिल्लू दोनदा मोजलं जातं, नाहीतर एक दुसऱ्याच्या आड राहतं. शिवाय सुरुवातीला दिसलेलं एखादं पुढे आतल्या आत जिरूनही जातं. आकडा पाहिजे तर 55 व्या दिवसानंतर एक्स-रे काढा. हाडं त्याआधी दिसू लागतात, पण मोजण्याइतकी स्पष्ट तेव्हाच होतात. फिल्म घेऊन आधी डोकी मोजायची, मग कणे मोजायचे. दोन्ही आकडे जुळले तरच विश्वास ठेवायचा.

हा आकडा सांगून ठेवलेल्या सहा जणांसाठी नाही हो. कुत्री व्यायला बसली, चार झाली, मग शांत पडली. संपलं की एक आत अडकलंय? आकडा हातात असला तर रात्री दोन वाजता हा प्रश्न पडत नाही. आणि फिल्मवर एकच पिल्लू निघालं तर ती जास्त काळजीची गोष्ट. एकटं पिल्लू आत मोठं होतं, आईला कळाही नीट येत नाहीत, सिझेरियनची तयारी आधी करावी लागते.

दिवसांचं म्हणाल तर 63 हे बीज सुटल्यापासून. मेटिंगपासून नव्हे. कुत्रीचं बीज कच्चं सुटतं, पिकायला दोन-तीन दिवस घेतं, आणि नराचं वीर्य आत आठवडाभरसुद्धा तग धरतं. म्हणून मेटिंगपासून मोजलं तर 58 ते 72 दिवसांत केव्हाही. त्या वेळी प्रोजेस्टेरॉन या हार्मोनची रक्ततपासणी झाली असती तर नेमकी तारीख सांगता आली असती. आता थर्मामीटर हाच पंचांग. पहिल्या मेटिंगपासून 57 व्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ गुदद्वारात लावून ताप बघा आणि वहीत लिहा. 100-101 फॅरनहाइटच्या आसपास असेल. 99 च्या खाली उतरला की बहुतेक 24 तासांच्या आत कळा सुरू. उतरून एक दिवस गेला आणि काहीच हालचाल नाही, तर थांबू नका.

काळ्याच्या बाबतीत: तीच गोष्ट. माज उतरेपर्यंत पुढचे काही दिवस कुत्री गाभण राहू शकते, त्यामुळे एकाच वेतात दोन बापांची पिल्लं निघू शकतात. तोंडावरून ओळखायला जाऊ नका, डीएनए तपासणीशिवाय खात्री नाही. कागद करणार असाल तर घेणाऱ्यांना हे आधी सांगा.

आणि कोल्हापूरचा नर झिपरीच्या नात्यातला नाही ना? आजच्या जवळपास सगळ्या बॉर्डर कॉली ओल्ड हेम्प नावाच्या एका नराच्या वंशातल्या. तो 1893 चा, इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँडमधला, दोनशेवर पिल्लांचा बाप. तिकडे मूळच तेवढं, आपल्याकडे ही जात त्याहून मोजकी. दोन्हीकडचा आजोबा एक निघाला तर पिल्लं कमी होतात आणि अशक्तही. वंशावळीचे कागद काढून बघा.

झिपरीवाला

काका, खूप आभार. कागद बघितले, आजोबा वेगळे आहेत, पणजोबांची नावं वाचता येत नाहीत. कॅल्शियमचं राहिलं. आणि गोचिडीचं इंजेक्शन आत्ता दिलं तर चालेल का? पावसात शेळ्यांवरून हिच्या अंगावर येतात, कानाच्या मागे झुबके लागलेत.

चौलची आक्का

झिपरीवाले भाऊ, ते इंजेक्शन थांबवा. आमची रफ कॉली आहे म्हणून हे मला माहीत. गोचिडीला सर्रास टोचतात ते आयव्हरमेक्टिन, आणि कॉलीच्या घराण्यात एमडीआर1 नावाचा जनुकीय दोष असतो. तो असला की औषध थेट मेंदूत शिरतं. लाळ गळते, कुत्रा झिंगतो, आंधळा होतो, बेशुद्ध पडतो, मरतोसुद्धा. रफ कॉलीत दहातल्या सातांत हा दोष सापडतो. बॉर्डर कॉलीत शंभरात पाचांहूनही कमी, पण तुमची त्या पाचांत नाही कशावरून? गालाच्या आतून काडी फिरवून तपासणी होते. डॉक्टरांना "कॉली आहे आणि गाभण आहे" ही दोन्ही वाक्यं एका दमात सांगा. आमच्याकडे एकाने सुई भरूनही ठेवली होती, मी हात धरला.

तोवर चिमट्याने काढा. कातडीलगत धरून सरळ ओढायची, पिळायची नाही, आणि साबणाच्या पाण्यात टाकायची. मी रोज रात्री पडवीत टीव्ही बघत हेच करते.

गोठेवाले काका

आक्कांनी नेमकं सांगितलं.

कॅल्शियमची बाटली परत करा. गाभणपणात वरून कॅल्शियम दिलं की हाडातून ते काढणारी ग्रंथी आळसावते. मग पिल्लं पिऊ लागली आणि एकदम मागणी वाढली की तिला पुरवता येत नाही. व्याल्यावर दोन-तीन आठवड्यांत कुत्री धापा टाकते, थरथरते, पाय ताठ होतात. गाईच्या मिल्क फीव्हरचीच बहीण. तेव्हा कॅल्शियम शिरेतून द्यावं लागतं आणि ते डॉक्टरांचं काम. तुम्ही पाचव्या आठवड्यापर्यंत नेहमीचं खाणं द्या, पुढे हळूहळू दीडपट करा. शेवटी पोटात जागा उरत नाही म्हणून थोडं थोडं, चार वेळा. पिल्लांचं तयार खाद्य मिसळलंत तर उत्तम. ताजी तारली उकडून चालेल, काटे काढून. खारवलेलं सुकं नको.

फिरवा, पण शेळ्यांमागे सोडू नका. कन्याळ बोकडाची एक धडक पुरे.

व्यायची जागा आजच ठरवा, म्हणजे तिला सवय होईल. गणपतीत ओटीवर आरत्या आणि अंगणात फटाके, तेव्हा ओटी नको. मांगरात कोरडा कोपरा करा, खाली फळी, वर जुनी लुगडी. भाद्रपदात थंडीपेक्षा ओल मारते. पिल्लांना पहिला आठवडा अंगची ऊब धरता येत नाही, जागा 30 अंश सेल्सिअसच्या आसपास पाहिजे. बल्ब लावा, पण लाईट जाणार हे धरूनच चाला आणि गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवा.

आता तेवढं पाठ करा. जोरात कळा देऊन अर्ध्या तासात पिल्लू नाही, किंवा आत पिल्लू शिल्लक आहे आणि दोन तास काहीच नाही, तर डॉक्टर. पहिल्या पिल्लाआधीच हिरवं-काळं पाणी गेलं तर घड्याळ न बघता डॉक्टर, कारण वार सुटलेली असते. पिल्लानंतर तेच पाणी आलं तर ठीक. जन्मली की स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकेक पिल्लू रोज तोला. आठ-दहा दिवसांत वजन दुप्पट व्हायला हवं. एखादं जागच्या जागी राहिलं तर त्याला मागच्या सडांना लावा, तिथे दूध जास्त.

एक्स-रे कुठे काढणार? कोल्हापूरला नेणार असाल तर फोंडा घाट चालू आहे का ते आदल्या दिवशी विचारा. आणि सिझेरियन करणारे डॉक्टर गणपतीत गावी जाणार आहेत का, हेही आत्ताच विचारून नंबर घेऊन ठेवा.

झिपरीवाला

विचारलं. ते स्वतःच चाकरमानी निघाले, गणपतीला मालवणात असणार. म्हणाले, गौरी जेवल्या की केव्हाही फोन करा.

गोठेवाले काका

मग गौरी जेवायच्या आधी लागले तर कोण, तो दुसरा नंबर पण घ्या.