मदत हवी आहे: माइंड मॅपमधल्या रेषेचा अर्थ मुलांना सांगता येत नाही

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना विज्ञान शिकवते. गेले काही महिने प्रत्येक धड्याचा माइंड मॅप फ्रीप्लेन या सॉफ्टवेअरमध्ये करून पडद्यावर दाखवते आहे. मध्यभागी ‘प्रकाशसंश्लेषण’, भोवती कच्चा माल, जागा, उत्पादनं अशा फांद्या. स्पेसबार दाबत एकेक फांदी उलगडली की वर्ग चिडीचूप. मला वाटायचं, जमलं बाई!

परवा कोरा कागद देऊन तेच आठवून काढायला सांगितलं. एकीने तर रंगांसकट उतरवलं. तिच्या कागदावर ‘पर्णरंध्रं’ आणि ‘ऑक्सिजन’ यांच्यामध्ये रेष होती. विचारलं, ही रेष काय सांगते? म्हणाली, “जोडलेलं आहे.” कसं जोडलेलं? गप्प. तिला काय बोलणार, माझ्या मॅपमध्येही त्या रेषेवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

दुसरी अडचण फांद्यांचीच. प्रकाशसंश्लेषणात ऑक्सिजन तयार होतो, श्वसनात वापरला जातो. दोन्ही एका मॅपवर घ्यायचं तर ऑक्सिजन दोन ठिकाणी लिहावा लागतो, आणि काही मुलांना ते खरंच दोन वेगळे वायू वाटले.

शिक्षणतज्ज्ञ जोसेफ नोव्हाक यांच्या संकल्पना नकाशात प्रत्येक रेषेवर शब्द असतो असं वाचलं. त्यासाठी सीमॅपटूल्स हे सॉफ्टवेअर कुणी वर्गात वापरलं आहे का? शिवाय माझ्या पीडीएफमध्ये जोडाक्षरं फुटतात, ‘श्वसन’चं पार वाटोळं होतं. आणि हे नकाशे तपासायचे तरी कसे?

प्रतिसाद १
सीमॅपटूल्स वापरतो. दोन संकल्पना जोडल्या की मधल्या चौकटीत चार प्रश्नचिन्हं येतात. ती पुसून शब्द लिहीपर्यंत डोळ्यांत खुपत राहतात, हाच त्याचा मोठा गुण. पण तुमचं काम फ्रीप्लेनमध्येही भागेल. तिथे दोन नोड (शब्दांच्या चौकटी) जोडणाऱ्या बाणावर मजकूर लिहिता येतो आणि तो बाण कुठल्याही फांदीवरून कुठेही जातो. ऑक्सिजन एकदाच लिहा, श्वसनाकडे बाण न्या.

जोडाक्षरांसाठी पीडीएफचा नाद सोडून मोठ्या आकाराचं पीएनजी चित्र काढा. पडद्यावर दिसतं तसंच उतरतं.

तपासताना रंग, फांद्या काही बघू नका. संकल्पना–रेषेवरचा शब्द–संकल्पना हे सलग वाचा. वाक्य झालं आणि ते खरं असलं तर गुण. कोरा कागद दिलात ते उत्तमच. कार्पिकी आणि ब्लंट यांचा २०११ चा ‘सायन्स’ या नियतकालिकातला अभ्यास आहे. मजकूर समोर ठेवून संकल्पना नकाशे काढणाऱ्यांपेक्षा, मजकूर बाजूला ठेवून आठवेल ते लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतरच्या चाचणीत जास्त आलं.

धागाकर्ती
आभार! पीएनजीत ‘श्वसन’ शाबूत आलं. आज मॅप दाखवलाच नाही, फक्त पाच शब्द दिले आणि रेषांवर क्रियापदं लिहायला सांगितली. त्याच मुलीने पर्णरंध्रं आणि ऑक्सिजनच्या मध्ये ‘बाहेर सोडतात’ लिहिलं. शेजारच्याने कार्बन डायऑक्साइडच्या रेषेवरही तेच लिहिलं. ती म्हणाली चूक, तो म्हणाला, “रात्री सोडतातच की!” तास संपला तरी भांडण चालूच होतं.